परतीचे भाडे

मराठीत 'भाडे' हा शब्द फार राबलेला आहे. संस्कृत 'भाटक'पासून आलेला हा शब्द घराला चालतो, गाडीला चालतो, मालाच्या नेआणीलाही चालतो. मोल्सवर्थच्या कोशात हे अर्थ शेजारी शेजारी बसलेले दिसतात. चालकांच्या बोलीत मात्र त्याला आणखी एक अर्थ आहे. 'एवढं भाडं सोडून येतो' असे रिक्षावाला म्हणतो तेव्हा भाडे म्हणजे पैसे नव्हेत, माणूस. त्याच बोलीत 'परतीचं भाडं' असा एक प्रयोग आहे. तो बहुधा नकारातच ऐकू येतो: 'तिकडून परतीचं भाडं मिळत नाही.' वाहतुकीच्या धंद्याचा बराचसा इतिहास या एका तक्रारीत सामावलेला आहे असे आम्हांस वाटते. ॲपवर अर्धवेळ गाडी चालवणाऱ्यांच्या कमाईविषयी आज जी चर्चा होते, ती याच इतिहासाच्या ओघात ठेवून पाहिली तर तिचा अर्थ लागतो.

त्यासाठी बोळिंजसारखे ठिकाण सोयीचे आहे. विरार स्थानकाच्या पश्चिमेस आगाशी-अर्नाळ्याच्या रस्त्याला लागले की हे गाव येते. दक्षिणेला सोपारे, म्हणजे प्राचीन शूर्पारक. तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरून काढला. हा सारा पट्टा वाड्यांचा, केळीचा आणि पानवेलींचा. वसई-विरारच्या नियोजनाचे काम १९९० मध्ये सिडकोकडे गेले, पुढे २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर हा वेगळा जिल्हा झाला, आणि या काळात वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. हरित वसईचे आंदोलन आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे त्यातले कार्य वाचकांना ठाऊकच आहे. म्हाडाच्या कोकण मंडळाने विरार-बोळिंज येथे सुमारे १०,००० घरांची वसाहत उभारली. पाण्याच्या टंचाईमुळे त्यांतली हजारो घरे वर्षानुवर्षे विक्रीविना पडून राहिली. ज्यांनी घेतली, त्यांच्यापैकी पुष्कळांची नोकरी मुंबईत. घराचा हप्ता बोळिंजला, पगार अंधेरीला किंवा त्याच्याही पलीकडे, आणि मध्ये वसईची खाडी.

ही खाडी या हिशेबातली महत्त्वाची बाब आहे. रेल्वे नायगाव-भाईंदरच्या दरम्यान तिच्यावरून सरळ जाते. मोटारीला मात्र पूर्वेकडे महामार्ग गाठून, वरसावेचा पूल ओलांडून, घोडबंदरच्या तोंडाशी वळसा घालावा लागतो. २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली आहे, पण तिच्या वेळापत्रकावर भाड्याचा धंदा चालत नाही. तेव्हा लोकलने जे अंतर सुटसुटीत वाटते, ते रस्त्याने लांब आणि बेभरवशाचे होते.

आता अर्धवेळ चालकाकडे वळू. कचेरी सुटल्यावरचे चार तास आणि रविवार एवढ्या वेळात गाडी चालवून घराच्या हप्त्याला हातभार लावावा, ही कल्पना आपल्याकडे अमेरिकेतून आली. तिथे माणूस स्वतःच्या घरची मोटार बाहेर काढतो आणि उतारू घेतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे भाड्याने उतारू नेणाऱ्या वाहनाला परवाना लागतो. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला ती मुभा नाही. पिवळी पाटी घ्यायची म्हणजे परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि महागडा विमा हे सारे आले. चालकाच्या लायसन्सची अट तेवढी सैल झाली आहे: हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याने ७,५०० किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. परंतु गाडीची अट तशीच राहिली. परिणाम असा की माणूस अर्धवेळ आणि गाडी पूर्णवेळ. गाडीच्या कर्जाचा हप्ता महिन्याच्या तीसही दिवसांचा असतो. तिच्या मालकाला त्यांतले चार तासच हाती असतात.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण फार दूरचे नाहीत. मुंबई महानगर प्रदेशात काळ्यापिवळ्या टॅक्सीचा अधिकृत दर १ फेब्रुवारी २०२५ पासून किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे झाला. सोयीसाठी २० धरू. बोळिंजहून मुंबईच्या विमानतळापर्यंत ५० किलोमीटर धरले तर १,००० रुपये होतात. कंपनीचा पाचवा हिस्सा वजा जाता ८०० उरतात. सीएनजी किलोला ८० रुपये आणि किलोमागे २५ किलोमीटर धरल्यास एका बाजूचे इंधन १६० रुपयांचे. परत येताना गाडी रिकामी असेल तर दोन्ही बाजूंचे ३२० वजा करून हाती ४८० राहतात. गाडीचा हप्ता महिना १२,००० म्हणजे रोजचा ४००. चार-पाच तासांची खरी कमाई ८० रुपये. आता हीच गाडी परतीचे भाडे घेऊन आली असे समजा: १,६०० उणे ३२० उणे ४००, म्हणजे ८८०. तेच रस्ते, तोच वेळ, तेच इंधन. फरक अकरा पटींचा. यात टायर नाहीत, दुरुस्ती नाही, दंड नाहीत, विम्याचा हप्ताही नाही. अर्धवेळ चालकाला दिवसाला किती सुटतात, या प्रश्नाला वेगवेगळ्या तोंडून वेगवेगळी उत्तरे का मिळतात याचे कारण बऱ्याच अंशी इथे आहे. ज्याला परतीचे भाडे मिळाले तो एक आकडा सांगतो, ज्याला मिळाले नाही तो दुसरा, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

हा प्रश्न ॲपने निर्माण केलेला नाही. चाक आणि बैल यांच्याइतकाच तो जुना असावा. आपल्याकडे तो सर्वांत नीट सोडवला वंजाऱ्यांनी. त्यांचे तांडे देशावरचे धान्य घेऊन घाट उतरत आणि कोकणातले मीठ लादून घाट चढत. 'लमाण' या नावाचा संबंध लवणाशी, म्हणजे मिठाशी जोडला जातो तो यामुळेच. बैल कोणत्याही दिशेला रिकामा चालत नसे. भायंदर-वसईकडची मिठागरे आणि घाटमाथ्यावरचे धान्य ही एकमेकांची परतीची भाडी होती असे म्हणायला हरकत नाही. या व्यवस्थेला कोणी बुद्धिमान यंत्रणा म्हटले नाही, पण दोन दिशांच्या गरजा एकमेकींना जोडणे हेच तर आजची ॲपे आपले कर्तृत्व म्हणून सांगतात.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसाला जाण्यायेण्याची एकेक फेरी. बीबीसीआय रेल्वेची ही गाडी पश्चिम मार्गावरच्या सगळ्या लोकलची पणजी मानली जाते. विजेची गाडी बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत आली ती १९३६ मध्ये. या गाड्यांनी वसईचा भाजीपाला, फुले आणि माणसे मुंबईला नेली. सकाळी दक्षिणेकडे ओसंडून वाहणारी गाडी उत्तरेकडे येताना बरीच मोकळी असते, हे आजही दिसते. परंतु त्या मोकळ्या फेरीचा भुर्दंड मोटरमनला बसत नाही. त्याला महिन्याचा पगार आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावू लागलेल्या एसटीचेही तेच: रात्रीची शेवटची गाडी दोन उतारू घेऊन मुक्कामाच्या गावी गेली तरी चालक-वाहकाच्या वेतनातून काही कापले जात नाही. रिकामी फेरी तिथेही असते. ती संस्था सोसते, आणि संस्थेच्या वतीने कधी सरकार, कधी भरलेल्या गाडीतला उतारू सोसतो.

आम्हा अध्यापकांना हा भेद समजायला लांब जावे लागत नाही. नियमित अध्यापकाच्या पगारात दोन तासिकांमधला मोकळा वेळ, परीक्षेचे दिवस आणि मे महिना सारे धरलेले असते. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला फक्त वर्गात उभ्या राहिलेल्या तासाचे पैसे. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाण्याचा प्रवास, मधली वाट पाहणे, दिवाळीची सुट्टी, ही त्याची रिकामी परत. दोघे एकाच वर्गात, तीच कविता शिकवतात. आपल्या विभागांत याविषयी फारसे बोलले जात नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

टॅक्सीने हा भार प्रथम एकट्या माणसावर टाकला. मुंबईत मोटार-टॅक्सी १९११ मध्ये आली. पुढे काळ्यापिवळ्या टॅक्सीत एक पद्धत रुळली: गाडीचा मालक एक, चालक दोन, एक दिवसपाळीचा आणि एक रातपाळीचा. चालकाने मालकाला पाळीमागे ठरलेली रक्कम द्यायची, इंधन आपले घालायचे, वर उरेल ते त्याचे. गाडी दिवसभर फिरली काय किंवा नाक्यावर उभी राहिली काय, मालकाचे भाडे ठरलेले. म्हणजे चालक एकाच वेळी भाडे घेणाराही होता आणि भाडे देणाराही. मीटरने त्याला एक न्याय दिला: गाडी वाहतुकीत अडकली तर थांबण्याच्या वेळेचे पैसे उतारूकडून मिळत. उतारू उतरल्यानंतरच्या रस्त्याचे मात्र मीटरला काही कळत नसे. त्याला चालकाने आपल्यापुरता तोडगा शोधला, तो म्हणजे नकार. 'उधर नहीं जाएगा' हे वाक्य ऐकले नाही असा मुंबईकर विरळा. वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांत हा उद्धटपणा ठरला, आणि १९८८ च्या कायद्याच्या १७८ व्या कलमात तो अपराध आहेच. उतारूची गैरसोय खरी आहे. रात्री आजारी माणसाला घेऊन उभ्या असलेल्याला अर्थशास्त्र ऐकवून उपयोग नाही. तरी नकार देणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी परतीच्या रस्त्याचा हिशेब चाललेला असे, हे आपल्या लेखनात क्वचितच आले. मराठी कथेत गिरणी आहे, चाळ आहे, लोकल आहे. टॅक्सीचा चालक बहुधा पाठमोराच राहिला. हिंदी चित्रपटाने निदान मुझफ्फर अली यांच्या 'गमन'मध्ये (१९७८) त्याला समोरून पाहिले.

विरारसारख्या गावी शेअर रिक्षाने वेगळी वाट काढली. माणशी दर, आणि रिक्षा भरल्याशिवाय हलायची नाही. रिकाम्या फेरीचा काही भाग अशा रीतीने उतारूंच्या वाट पाहण्यात वाटला गेला. संध्याकाळी गाडीमागून गाडी उतरते तेव्हा स्थानकाबाहेरून बोळिंजकडे जाणाऱ्या रिक्षा पाहता पाहता भरतात आणि उलट्या दिशेने मोकळ्या धावत येतात, कारण तिकडे पुढचे भाडे नक्की आहे. सकाळी हेच उलट. अंतर थोडे असल्याने रिकामी परत पचते. पन्नास किलोमीटरला ती पचत नाही.

ॲप आले ते या पार्श्वभूमीवर. ओलाची सुरुवात २०१० मध्ये मुंबईतच झाली. उबर २०१३ मध्ये बंगळुरूत आणि पुढच्या वर्षी मुंबईत आली. पहिली काही वर्षे कंपन्या ठरावीक फेऱ्या पूर्ण करणाऱ्यांना भरघोस प्रोत्साहन रक्कम देत. म्हणजे परतीचे भाडे काही काळ दूरदेशीच्या गुंतवणूकदारांनी भरले. त्या भरवशावर अनेकांनी कर्जे काढली, कित्येकांनी नोकऱ्या सोडल्या. पुढे प्रोत्साहन आटले, हप्ते राहिले. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबईत ॲप-चालकांचा मोठा संप झाला तो याच अंतरातून. अर्धवेळ चालकाला तर ते प्रोत्साहन आधीपासूनच हुलकावणी देत होते, कारण ते फेऱ्यांच्या संख्येवर होते. शहराच्या मध्यभागी दिवसभर छोट्या फेऱ्या मारणाऱ्याची संख्या भरते. संध्याकाळी बोळिंजला येणारी एक लांब फेरी ही संख्येत एकच.

नकाराची सोयही ॲपने काढून घेतली. सुरुवातीच्या काळात उतारू कुठे जाणार हे चालकाला फेरी स्वीकारेपर्यंत दिसतच नसे. ओलाने डिसेंबर २०२१ मध्ये ते आधी दाखवायला आरंभ केला. ज्याला आडवळणाचे भाडे नको, तो मग फोन करून 'कहाँ जाना है?' विचारी आणि उतारूनेच फेरी रद्द करावी म्हणून वाट पाहत बसे. नाक्यावरचा नकार तोंडावर होता. हा नकार मुक्याने, मोबाइलच्या पडद्यावर चालला.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲप कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. चालकाला फेरीच्या रकमेचा किमान ८० टक्के हिस्सा, आणि दिवसाला १२ तासांपेक्षा अधिक काळ गाडी चालवण्यास बंदी, असे नियम त्यांत आले. बारा तासांची मोजदाद ॲप सुरू केल्यापासून होते. त्याआधी आठ तास कचेरीत बसून आलेला माणूस ॲपच्या लेखी ताजातवाना असतो. याच सूचनांत रिकाम्या धावण्याला एक नाव मिळाले: 'डेड मायलेज'. त्याची भरपाई म्हणून किमान भाडे तीन किलोमीटरचे धरावे असे ठरले. उतारू घ्यायला जाण्याचा त्रास त्यात कदाचित भरून निघत असेल. बोळिंजहून परतणाऱ्याला पन्नासाच्या जागी तीन किलोमीटरचे सांत्वन.

येथे बोळिंजच्या अर्धवेळ चालकाची स्थिती वेगळी आहे, आणि ती पाहण्याजोगी आहे. अंधेरीत राहणाऱ्या चालकाला बोळिंजचे भाडे ही शिक्षा. बोळिंजला राहणाऱ्याला तेच भाडे म्हणजे घरी जाण्याचा रस्ता. तो सकाळी नोकरीला निघताना एक उतारू घेऊन गेला आणि संध्याकाळी येताना एक घेऊन आला, तर त्याची कोणतीच फेरी रिकामी नाही. वंजाऱ्याच्या बैलासारखी त्याची गाडी दोन्ही दिशांना लादलेली. अर्धवेळ गाडी चालवण्याला आर्थिक अर्थ असेल तर तो महानगराच्या काठावरच्या माणसाच्या बाबतीत सर्वांत अधिक आहे. ॲपवर घराची दिशा नोंदवून त्याच बाजूची भाडी मागण्याची सोय असते. पण दिवसातून मोजक्याच वेळा ती वापरता येते, आणि वापरली तरी भाडे मिळेलच असे नाही. कचेरी सुटल्यावर गोरेगावात रस्त्याकडेला दिवा लावून अर्धा तास थांबायचे, की कंटाळून रिकामे निघायचे, हा त्याचा रोजचा प्रश्न. थांबण्याचे पैसे मोजणारा मीटर आता नाही. मधल्या काळात एखादे छोटे भाडे मिळते ते त्याला पुन्हा दक्षिणेकडे, वांद्र्याला ओढून नेते. घर आणखी दूर जाते. जेवायला तो घरी किती वाजता पोचेल हे घरच्यांनी विचारायचे सोडून दिलेले असते.

अलीकडे व्यवहाराची रीतच पुन्हा बदलली. २०२५ मध्ये उबरने रिक्षांसाठी आणि ओलाने आपल्या सर्व वाहनांसाठी टक्केवारीचे कमिशन काढून ठरलेल्या शुल्काची पद्धत आणली. चालकाने ठरावीक रक्कम भरायची, फेरीचे पैसे सगळे त्याचे. वर्तमानपत्रांनी याचे स्वागत 'शून्य कमिशन' म्हणून केले. आम्हांला त्यात काळ्यापिवळीच्या मालकाचे पाळीभाडे दिसले. फरक इतकाच की तो मालक निदान गाडी देत असे. इथे गाडी चालकाची, कर्जही चालकाचे, भाडे द्यायचे ते उतारूपर्यंत पोचण्याच्या वाटेचे. दिवसभर चालवणाऱ्याला ही पद्धत फायद्याची पडेल यात शंका नाही. अर्धवेळ चालकाला मात्र दिवसाच्या शुल्कातून चार तासच काढायचे असतात. टक्केवारी अन्यायाची असली तरी ती कमाईच्या मागे चालत होती. ठरलेले शुल्क कमाईच्या पुढे चालते.

कायद्याने मात्र एका ठिकाणी अर्धवेळ दिवसाची दखल घेतली आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲपवर काम करणाऱ्याला तिच्यात प्रथमच वेगळी व्याख्या मिळाली, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणनिधीत द्यावी असे ठरले. डिसेंबर २०२५ अखेरीस निघालेल्या नियमांच्या मसुद्यात या लाभांसाठी एका कंपनीबरोबर वर्षाला किमान ९० दिवस, एकाहून अधिक कंपन्यांबरोबर असल्यास १२० दिवस काम अशी अट होती. दिवस मोजायचा कसा, हेही त्यात सांगितले होते: कमाई कितीही असो, ज्या दिवशी ती झाली तो एक दिवस. त्या मोजणीप्रमाणे बोळिंजहून अंधेरीला एक भाडे नेऊन रिकामा परतलेला माणूस आणि बारा तास गाडी हाकणारा माणूस यांचा दिवस सारखाच भरतो. शनिवार-रविवार धरून चालवणाऱ्याचे वर्षाला १०४ दिवस होतात. एकाच कंपनीची ॲप धरली तर तो अटीत बसतो, दोन धरल्या आणि दर दिवशी त्यांपैकी एकीवरच कमाई झाली तर सोळा दिवसांनी कमी पडतो. आणि परतीचे भाडे मिळावे म्हणून बहुतेक चालक दोन ॲप सुरू ठेवतात.